कोकराच्या शिंगांचं श्वापद

४ मार्च

दादा, सलाम.

खुशाली मागाहून विचारते, आधी कामाचं. बाबा गेल्या आठवड्यात एका औषधाच्या दुकानाची पाटी रंगवताना शिडीवरून पडले. फार उंचावर नव्हते, हाडं शाबूत आहेत. पण त्यांचा पाय घसरला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की त्यांचं हृदय मधेच थांबतं आणि मग आपलं आपण चालू होतं. "एखाद्या दिवशी थांबेल आणि चालू व्हायचं विसरेल," असं म्हणाल्या. छातीत, गळ्याच्या हाडाखाली, काडेपेटीएवढं यंत्र बसवायचं. छोटंसं ऑपरेशन, दोन दिवसांत घरी. बाबा हो म्हणाले होते. सहीसुद्धा केली, त्यांच्या त्या पाटीवरच्या अक्षरात.

मग घात झाला. डाव्या हाताला सलाईन लावलेलं, म्हणून नर्सने ओळखीची पट्टी उजव्या मनगटाला बांधली. पांढरी प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर काळ्या रेघा आणि रेघांखाली आकडे. बाबा झोपेतून उठले, हात वर केला आणि बघतच राहिले.

"हे कुणी बांधलं?"

"आजोबा, सगळ्यांनाच बांधतो. त्याशिवाय इथे काहीच मिळत नाही, जेवणसुद्धा," नर्स हसत म्हणाली.

"आणि ते यंत्र? त्यालापण आकडा असतो?"

"असतो ना. तो तर आता कायम तुमच्याबरोबर राहणार."

बिचारीने धीर द्यायला म्हटलं. बाबांनी दातांनी ती पट्टी तोडली, सलाईन उपसलं आणि चालायला लागले. अंगात तो हॉस्पिटलचा मागून उघडा झगा. भर रस्त्यातून ते पुढे आणि मी त्यांच्या पाठीला चादर धरून मागे. तू असतास तर हसून लोळला असतास. मी घरी आल्यावर न्हाणीघरात जाऊन रडले.

बाकीचं तुला सांगायला नको. उजव्या हातावर नाहीतर कपाळावर श्वापदाची खूण, आणि खुणेशिवाय कुणाला काही विकत घेता येणार नाही की विकता येणार नाही. आपल्या शास्त्राच्या, बायबलच्या, शेवटच्या पुस्तकातली ती सगळी दर्शनं तू शाळेत जायच्या आधी पाठ केलीस. स्टुलावर उभा राहून काठीने बाबांनी रंगवलेल्या सभेच्या पडद्यावरची श्वापदं दाखवायचास: हे समुद्रातून आलेलं, सात डोक्यांचं. हे जमिनीतून आलेलं, शिंगं कोकराची आणि बोलणं अजगराचं. चर्चच्या मंडळीतल्या बायका तोंडात बोटं घालायच्या.

तर काम असं. बाबा डॉक्टरचं ऐकत नाहीत, माझं तर जन्मात ऐकलं नाही. शास्त्रापुढे मात्र मान तुकवतात. त्यांच्याइतकं शास्त्र तुलाच येतं. एक पत्र लिही, ही ती खूण नव्हे असं दाखव. आणि तुझा फोन नंबर पाठव. हे पत्र कुरियरने टाकते आहे, पण कुरियर ते कुरियर. त्यांचं हृदय टपालाची वाट बघत बसणार नाही.

तुझी,
धाकटी

८ मार्च

दादा,

तुझं उत्तर मिळालं. दोन ओळी. "नंबर एकदा दिला होता. ज्या श्वापदाची मी नोकरी करतो त्याच्याबद्दल मला विचारू नका."

वाचून अंगाचा तिळपापड झाला. बाप मरायला टेकलाय आणि हा टोमणे मारतो!

आता शांत झाले आहे, म्हणून नीट सांगते. तू नवीन घरी गेल्यावर चिठ्ठी पाठवलीस, तीत नंबर असणार, हे मला ठाऊक आहे. दार उघडायला बाबा गेले होते. मी हात पुसत येईपर्यंत चिठ्ठीचे तुकडे त्यांच्या मुठीत होते आणि ते तुकडे त्यांनी टर्पेंटाइनच्या डब्यात टाकले. मी काढून बघितले, शाई विरघळून गेली होती. तेव्हापासून तुला वाटत असेल की बहिणीनेही संबंध तोडला. तोडला नाही रे. माझ्याकडे पाकिटावरचा पत्ता तेवढा राहिला, नंबर नाही.

तुझा राग मला कळतो. बोटांचे ठसे घेऊन लोकांना क्रमांक देणारं कार्यालय, तिथे तुला नोकरी लागली, आणि बाबांनी भर सभेत त्या दुसऱ्या श्वापदावर काठी टेकवून सांगितलं, "माझा मुलगा याच्या घरी कामाला गेला." मी तिथेच होते. तुझं तोंड बघितलं होतं. पण तो हिशेब नंतर कर. ते जिवंत असले तर करता येईल ना?

परवा ते परत पडले. या वेळी जमिनीवरच होते, म्हणून वाचले. एका माणसाच्या मोटारीची नंबरपाटी करत होते. (तीन सहा एका ओळीत आले की, श्वापदाचा आकडा म्हणून, अजूनही गिऱ्हाईक परत पाठवतात. समोरच्या रंगाऱ्याचं त्यावर बरं चालतं.) ब्रश हातातून गळला, डोळे पांढरे झाले. मी नाव घेऊन हाका मारत होते. मग एकदम श्वास घेतला आणि म्हणाले, "पाचाचं पोट बिघडलं बघ." पाच या आकड्याचं पोट! मला त्यांना हलवावंसं वाटलं आणि मिठीही मारावीशी वाटली. दोन्ही केलं नाही, ब्रश धुवायला घेतला.

तुतारीकाका रोज येऊन बसतात. मंडळीतले तेच ते, जगाच्या शेवटाच्या सातव्या तुतारीशिवाय ज्यांचं वाक्य संपत नाही. "ही परीक्षा आहे," म्हणतात. "शेवटपर्यंत टिकेल तोच वाचेल." काल मी विचारलं, "काका, तुमच्या कानातल्या यंत्रावर नंबर नाही का?" काढून बघितलं त्यांनी. होता. बारीक अक्षरात, बॅटरीच्या झाकणाखाली. यंत्र परत कानात घातलं आणि म्हणाले, "कान म्हणजे कपाळ नव्हे." बाबांनी मान डोलावली. अशा दोघांपुढे मी एकटी आहे.

तुझ्या श्वापदाबद्दल विचारू नको म्हणतोस. त्यांच्याच श्वापदाबद्दल लिही मग. पण लिही.

धाकटी

१३ मार्च

दादा,

चार पानं! मी दारातच उभी राहून वाचली. कुरियरवाला सहीसाठी खोळंबला होता.

तुझी अक्षरं अजून बाबांसारखीच आहेत, काना सोडताना शेवटी जरा जाड. पत्रातलं सगळं माझंच म्हणून बाबांना वाचून दाखवायचं मी ठरवलं होतं. दुसऱ्या परिच्छेदाला बाबा म्हणाले, "पोरी, तुला इतकं कधी येत नव्हतं. आण इकडे." स्वतः चष्मा लावून वाचायला लागले.

तुझा मुद्दा त्यांनी फेटाळला नाही, हे आधी सांगते. खूण एकटी येत नाही, आधी त्या श्वापदापुढे गुडघे टेकणं येतं, जो वाकला नाही त्याच्यावर खूण नाही, हे त्यांनी दोनदा वाचलं. बोटाने ओळ धरून. मग म्हणाले, "बरोबर शिकवलं होतं मी त्याला." माझा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच तुतारीकाका म्हणाले, "मुद्दा गोड आहे. कोकराची शिंगं लावलेल्याचं बोलणं गोडच असायचं." बाबांचा चेहरा बंद झाला. पत्र घडी करून परत दिलं. "त्याला लिही, शास्त्र त्याच्याकडे आहे, पण तो उभा कुठे आहे ते बघ म्हणावं."

मी काय लिहू? तू कुठे उभा आहेस ते मला कुठे दिसतं.

एक गोष्ट मी तुझ्यापासून ठेवून घेतली होती. सांगितली तर तू लिहिणार नाहीस असं वाटलं. आता तू लिहिलंस, म्हणून सांगते. तू गेल्यावर बाबांनी पडद्यावरचं दुसरं श्वापद नव्याने रंगवलं. अंगाची लोकर मी केली, शिंगं मी केली, नेहमीप्रमाणे. तोंड त्यांनी स्वतः केलं, मला खोलीत येऊ दिलं नाही. त्या श्वापदाला तुझे डोळे आहेत, दादा. डाव्या पापणीवरच्या व्रणासकट. मंडळीत कुणाच्या लक्षात आलं नाही. मला दर रविवारी दिसतात. मी तिथे न बघता गाणं म्हणते.

तुला हे वाचून काय वाटेल मला माहीत नाही. मला मात्र इतकं कळतं की ज्याला विसरायचं असतं त्याचा व्रण कुणी इतका जपून काढत नाही. वाटलं तर फाडून टाक पत्र.

आता पुढचं ऐक, कारण मला भीती वाटते आहे. येत्या रविवारी मोठी सभा आहे, आजूबाजूच्या मंडळ्या येणार. बाबा पडदा लावून सगळी दर्शनं उलगडून सांगणार, उभं राहून, तासभर. डॉक्टरीणबाईंना फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्यांना जिना चढायलाही मी बंदी केली आहे." बाबांना म्हटलं बसून सांगा. "साक्ष बसून देत नाहीत," म्हणाले.

मला पडद्याचे उडालेले रंग भरायला सांगितलेत. तो कोचांच्या कापडासारखा जाड पडदा जमिनीवर पसरून मी दोन दिवस गुडघ्यांवर आहे. अजगराचा तांबडा, समुद्राचा निळा. इतकी वर्षं मी डब्यातला रंग बघून भरत आले, या वेळी म्हटलं पुस्तक उघडून ठेवू, श्वापदाचं कातडं चित्त्याचं की आणखी कशाचं ते खात्रीने बघू. तू हसशील, पण मी ते पुस्तक सलग कधी वाचलंच नव्हतं. काठी तुझ्या हातात, ब्रश माझ्या हातात, अशीच आपली वाटणी होती. वाचता वाचता मधे एक प्रसंग लागला आणि मी पडद्यावर त्याचं चित्र शोधायला लागले. नाही सापडलं. एकदा या टोकाकडून शोधलं, एकदा त्या टोकाकडून.

अजून कुणाला बोलले नाही. तू आता लगेच काही लिहू नकोस, वेळेत पोचणार नाही. जमलं तर ये. कपड्यांचा विचार न करता जसा आहेस तसा ये.

धाकटी

१७ मार्च, रविवार

दादा,

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहिते आहे. बाबा आत आहेत. दार बंद आहे आणि दारावरचा दिवा लागला आहे. तू आला नाहीस. सभा सुरू झाल्यावरही मी दाराकडे बघत होते.

सगळं क्रमाने सांगते, नाहीतर माझं डोकं फिरेल.

सभागृह भरलं होतं. बाबांनी तो काळा कोट घातला. हात टेकवायची रंगकामाची काठी घेतली, टोकाला चिंधीचा गोळा असलेली तीच. पहिलं श्वापद व्यवस्थित सांगितलं. आवाज असा की मागच्या रांगेतली पोरं चूप. मग काठी दुसऱ्या श्वापदाकडे नेली, आणि शिंगांवर टेकवायची ती डोळ्यांवर टेकली. तिथेच राहिली. मला वाटलं थांबून बघताहेत. मग काठी कापडावरून घसरत खाली आली आणि बाबा तिच्यामागून.

मी पोचेपर्यंत तुतारीकाकांनी डोकं मांडीवर घेतलं होतं. ओठ निळे. मी किती वेळ हाका मारल्या कोण जाणे. मग छाती हलली. कुणीतरी ओरडलं, अँब्युलन्स बोलवा. बाबा डोळे न उघडता म्हणाले, "नको. पट्टी नको." आणि काका रडत होते, पण म्हणत होते, "भावांनो, प्रार्थना करा, भाऊ शेवटपर्यंत टिकतोय."

माझं डोकं सणकलं. काठी माझ्या पायापाशी पडली होती. मी उचलली.

तुला माहीत आहे, त्या काठीला मंडळीतल्या बाईने कधी हात लावलेला नाही. मी पुस्तक उघडून मोठ्याने वाचलं. चार दूत चार दिशांचे वारे धरून उभे आहेत, आणि पाचवा त्यांना ओरडून सांगतो आहे की थांबा, जमिनीला, समुद्राला, झाडाला धक्का लावू नका, आधी देवाच्या माणसांच्या कपाळावर शिक्का मारून होऊ दे. मग मी बाबांकडे वळले.

"बाबा, हे या पडद्यावर कुठे आहे?"

काका म्हणाले, "ही वेळ आहे का?"

"हीच वेळ आहे. इतकी वर्षं आपण सगळे हा पडदा वाचतोय. मी सगळा शोधला. श्वापदाचा शिक्का आहे. देवाचा नाही. कुठे आहे, बाबा?"

बाबांनी डोळे उघडले. पडद्याकडे खालून बघितलं, उलटं. त्यांचे ओठ हलले तशी मी वाकले.

"मावलं नाही," म्हणाले.

"काय?"

"लोक श्वापदं बघायला येतात, म्हणून ती आधी काढली, त्या टोकाला. सिंहासन या टोकाला. मधल्यासाठी कापड उरलं नाही. म्हटलं, तोंडी सांगू." मग बराच वेळ श्वास. "तोंडी सांगायचं राहिलं."

दादा, तुला आठवतं? पाटीवर दोन्ही टोकांकडून अक्षरं सुरू केली की ते कसे डाफरायचे? मधलं अक्षर कुठे बसवणार, डोक्यावर? नवशिक्याची ती चूक त्यांनी केली, आणि आपण सगळे त्या चुकीच्या सावलीत वाढलो.

"म्हणजे देवही शिक्का मारतो," बाबा म्हणाले.

"आधी तोच मारतो, बाबा. हे जनावर मागाहून येऊन नुसती नक्कल करतं. तुमच्यावर आधीचा शिक्का आहे की नाही?"

ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला वाटलं हृदय परत थांबलं. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती.

"आहे," म्हणाले. "असायला पाहिजे."

"मग त्यावर प्लास्टिकची पट्टी काय करणार?"

ते काकांकडे बघून म्हणाले, "गाडी बोलवा." काकांना ऐकू गेलं नाही. मी ओरडून सांगितलं. त्यांनीच फोन केला, बरं का, कानातलं यंत्र दाबत. गाडीत शेजारी बसले आणि एकदाही तुतारीचं नाव काढलं नाही. बाबांचे बूट हातात धरून होते.

इथे आल्यावर तीच नर्स. पट्टी घेऊन आली आणि माझ्याकडे बघायला लागली. "डाव्या हाताला बांधते," म्हणाली. बाबांनी उजवा हात पुढे केला. "इथेच. सरळ बांधा, आकडे वाकडे नकोत." नजर मात्र दुसरीकडे वळवली. भीती गेली नव्हती त्यांची, हे मला दिसत होतं. भीत भीतच त्यांनी हात पुढे धरला.

त्या डोळ्यांबद्दल काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. पडदा तिथेच टांगलेला राहिला आहे.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. आत नेण्याआधी नर्सने विचारलं, "तातडीला कळवायला घरच्या दोघांचे नंबर लागतात." मी माझा दिला. म्हटलं, दुसरं कुणी नाही. काका त्यांचा सांगायला लागले. तेवढ्यात बाबा, डोळे मिटून, सपाट आवाजात आकडे म्हणायला लागले. एकापाठोपाठ एक, कुठेही न अडखळता. मला वाटलं भ्रम झाला. नर्सने लिहून घेतलं आणि परत वाचून दाखवलं.

"शेवटी दोन नाही," बाबा म्हणाले. "सात."

तिने खोडून सात केला. "कोणाचा आहे? नातं काय लिहू?"

"मुलगा लिहा," म्हणाले. आणि त्यांना आत नेलं.

त्यांनी तुझी चिठ्ठी फाडण्याआधी वाचली होती, दादा. एकदाच, दारात उभं राहून, मी हात पुसत येईपर्यंत. आणि इतकी वर्षं मनात म्हणत राहिले असणार, नाहीतर असा तोंडपाठ राहत नाही.

मी तो नंबर तळहातावर लिहून घेतला आहे. हे पत्र टाकीन, कारण फोनवर माझ्याच्याने एवढं सगळं बोलवणार नाही. दिवा अजून लागलेलाच आहे. आता उठून नर्सच्या टेबलावरच्या फोनवरून लावते. तुला अनोळखी नंबर दिसेल. कापू नकोस, दादा. उचल.